ऑनलाइन वेल-बीइंग प्रोग्राम : सर्टिफिकेट सोडून कुणाला काय मिळालं?

मलप्रभेकाठचा

नमस्कार मंडळी. मी खानापूर तालुक्यातला, सध्या बेळगावात रूम घेऊन एम.कॉम. करतोय. गेल्या सेमिस्टरला आमच्या कॉलेजनं 'स्टुडंट वेल-बीइंग'चा ऑनलाइन प्रोग्राम लावला होता. आठवड्याला एक मीट, मधल्या दिवसांत मोबाइलवर ॲप, सुरुवातीला एक फॉर्म, शेवटी परत तोच फॉर्म आणि मग सर्टिफिकेट. आता ज्युनिअर पोरं विचारायलेत, नाव घालू की नको म्हणून. एका वाक्यात सांगता येईना, म्हणून धागा काढला. इथं राणी चन्नम्मा विद्यापीठातले आहेत, व्हीटीयूचे आहेत, मेडिकलचे आहेत, शिवाजी विद्यापीठात कोल्हापूरला गेलेलेही आहेत. आपापलं सांगा. कॉलेजचं नाव तेवढं घेऊ नका, उगाच कुणाच्या इंटर्नल मार्कांवर यायला नको.

माझं सांगतो. मीट संध्याकाळी साडेसातला. सगळ्यांचे कॅमेरे बंद. मॅडम बेंगळुरूहून बोलायच्या, इंग्लिशमध्ये, अधूनमधून कन्नड. चांगलं बोलायच्या, त्याबद्दल तक्रार नाही. खरं चॅटमध्ये सुरुवातीला सगळ्यांचं 'गुड इव्हनिंग मॅम' आणि शेवटी सगळ्यांचं 'थँक यू मॅम', मधे शुकशुकाट. हजेरीची लिंक शेवटच्या पाच मिनिटांत पडायची. त्यामुळं मधल्या वेळात खानावळीत जाऊन जेवून आलं तरी हजेरी पक्की.

फॉर्मचं तर विचारूच नका. पाच वाक्यं होती. गेल्या दोन आठवड्यांत मी आनंदी होतो, शांत होतो, अंगात उत्साह होता, सकाळी ताजंतवानं वाटलं, रोजच्या दिवसात मन रमेल असं काही होतं. प्रत्येकाला शून्य ते पाच. आणि डोक्यावर पहिला रकाना कुठला? रजिस्टर नंबर! जो कागद एचओडींच्या, म्हणजे विभागप्रमुखांच्या, टेबलावर जाणार, त्याच्यावर 'मी आनंदी नव्हतो' असं कोण लिहून देईल? आमच्या रूमवर सगळ्यांनी एकमेकांचं बघून चार-चार-तीन-चार-चार भरलं. शेवटच्या फॉर्मला सगळीकडे पाच. झाली की प्रगती!

एक गोष्ट मात्र बरी झाली, आणि ती वेळापत्रकात नव्हती. घरी सुगी चालली होती, माझं मनही ठिकाणावर नव्हतं, म्हणून मी मीट बुडवायला लागलो. तेव्हा एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्य शिकणाऱ्या, एका सीनिअरचा फोन आला. प्रोग्रामला हातभार लावायला ती पोरं घेतली होती. 'दिसायला नाहीस, बरा आहेस न्हवं?' एवढंच विचारलं. पहिल्यांदा मी भाताचं सांगितलं, मग कर्जाचं, मग बाकीचं. ॲपला यातलं काहीच कधी सांगितलं नव्हतं. त्यानं उपदेश केला नाही, पुढच्या आठवड्यात परत फोन केला. प्रोग्राम मी पुरा केला तो त्याच्यामुळं.

खटखट_वडगाव

हजेरीच्या लिंकला +१.

आमचं घर वडगावात. खाली यंत्रमाग, वर आम्ही. एका मीटला माइंडफुलनेस होतं. 'घरातल्या शांत कोपऱ्यात बसा, डोळे मिटा, आजूबाजूचे आवाज नुसते ऐका.' आमच्याकडं आजूबाजूचा आवाज एकच, खटखट खटखट, आणि मधूनच बाबांची हाक, धागा तुटला बघ म्हणून. मी जिन्याखाली जाऊन बसले, डोळे मिटले, तर आई हजर. 'झोपलीस काय? कांड्या भरायच्या राहिल्यात.' कॉलेजचं आहे म्हटलं. 'डोळे मिटून कसलं गं कॉलेज?'

आता हसायला येतं. पण हा सगळा प्रोग्राम स्वतःची खोली आणि स्वतःचा फोन असलेल्या मुलीसाठी बनवलाय. आमच्यात फोन भावाचा आणि माझा मिळून एक. ॲपमध्ये रोज रात्री मूडचा चेहरा निवडायचा आणि 'आज काय वाटलं' ते लिहायचं. भाऊ उघडून वाचणार हे माहीत असताना मी काय लिहू? माझा महिनाभर हसराच चेहरा आहे, कुणी बघितलं तर वाटेल बाईला लॉटरी लागलीय.

झोपेच्या भागाचा मात्र उपयोग झाला, खोटं कशाला बोलू. रोज एकाच वेळी उठायचं, झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत न पडता उठून बसायचं, दुपारी ताणून द्यायची नाही, फोन हाताला लागेल असा ठेवायचा नाही. यातलं फोनचं सगळ्यात सोपं गेलं, तो रात्री भावाकडंच असतो.

येळ्ळूरचा_गडी

आमाला तर हे सिलॅबसमध्येच आलंय गा. व्हीटीयूच्या २०२२ च्या स्कीमला पहिल्या वर्षी 'सायंटिफिक फाउंडेशन्स ऑफ हेल्थ'. एक क्रेडिट. सगळे ऑब्जेक्टिव्ह प्रश्न. ताण आला तर काय कराल, खाली चार पर्याय, एक गोल काळा करायचा. आदल्या रात्री ते पाठ करताना जेवढं टेन्शन आलं तेवढं मॅथ्सला आलं नाही. तीन बॅकलॉग असलेल्या पोराला विचारा, 'मित्रांशी बोला' हा पर्याय बरोबर आहे हे त्यालाही म्हाइत असतंय. बोलत नाही तो भाग वेगळा.

जुना_कॅम्पवासी

धागा वाचतोय. आमच्या वेळी हे वेल-बीइंग वगैरे काही नव्हतं. सकाळी तालीम, संध्याकाळी मैदान, रविवारी विहिरीवर पोहायला. डोक्यात विचार यायला जागाच नसायची. आजच्या मुलांनी मोबाइल ठेवून घाम गाळावा, निम्मी दुखणी पळतील.

खटखट_वडगाव

काका, तालमीत आम्हाला कोण घेतंय?

येळ्ळूरचा_गडी

काका बरोबर बोलायलेत, खरं कारण चुकलंय. तालमीत दोन दिवस गेलं नाही की तिसऱ्या दिवशी कोणतरी घरी येतंय, का रे आला नाहीस म्हणून. ते येणं औषध आहे. नुसतं जोर-बैठका मारायला यूट्यूब बघून घरात पण येतंय.

कणकुंबी_नो_रेंज

कॅमेरे बंद का, याचं आमच्याकडचं कारण ऐका. कणकुंबीला पावसाळ्यात लाइट गेली की रेंजपण जाते. मी जांबोटीपर्यंत आले की फोन टुणटुण वाजायला लागायचा. तुंबलेले सगळे मेसेज एकदम : 'हाऊ आर यू फीलिंग टुडे?' सोमवारचा, मंगळवारचा, बुधवारचा. कुठल्या दिवसाचं उत्तर देऊ?

शक्ती योजनेपासून आम्हा मुलींचा बसचा खर्च वाचला हे खरं, पण गर्दी एवढी की बसायला जागा मिळणं नशीब. एका हातानं दांडा धरून, एका कानात इयरफोन घालून मी 'पोटातून श्वास घ्या' ऐकलंय. शेजारच्या मावशींनी विचारलं, उलटी येतीय काय पोरी?

माझी मागणी साधी आहे. व्हिडिओच्या जागी ऑडिओ द्या, पाच-सात मिनिटांचे, व्हॉट्सॲपवर, उतरवून घेता येतील असे. आणि हजेरी मीटवर ठेवू नका. ज्याच्याकडं रेंज नाही त्याची हजेरी कमी, मग हजेरी कमी म्हणून नोटीस. ताण कमी करायच्या प्रोग्रामातून नोटीस आलेली मी एकटीच नसेन.

निपाणी_ते_कोल्हापूर

मी निपाणीचा, कोल्हापूरला शिकतोय. इथं सगळे भाषेवर येणार हे दिसतंय, म्हणून आधीच सांगतो. आमच्या कॉलेजचा ऑनलाइन प्रोग्राम पूर्ण मराठीत होता. तरी कंटाळा तोच! 'सकारात्मक विचार करा', 'ग्लास अर्धा भरलेला बघा', मग एक प्रेरणादायी गोष्ट, मग फोटोसाठी सगळ्यांनी कॅमेरा चालू करा. माझी आई विड्या वळते. हजार विड्यांचा हिशेब करताना तिला ग्लास किती भरलाय ते विचारून बघा.

मराठीत असलं म्हणून आपोआप बरं होत नाही. ऐकणारा माणूस पाहिजे.

मलप्रभेकाठचा

@निपाणी_ते_कोल्हापूर, मान्य. पण आमच्याकडं एकदा ग्रुप पाडले आणि प्रत्येकानं या आठवड्यातली एक अडचण सांगायची होती. आमच्या ग्रुपात खानापूर-बेळगावची मराठी पोरं आणि बैलहोंगल भागातली कन्नड पोरं. सगळ्यांनी इंग्लिशमध्ये एकच सांगितलं, 'टाइम मॅनेजमेंट'. मीट संपल्यावर कँटीनला तीच पोरं भेटली. एकाच्या घरी जमिनीवरून कोर्ट चालू, एकाचं लग्न ठरवायलेत, एकाला हॉस्टेल सहन होईना. हे सगळं अर्ध्या मराठीत, अर्ध्या कन्नडात, चहावर. इंग्लिशनं अडवलं ते दोघांनाही.

जुना_कॅम्पवासी

म्हणजे परत भाषा आलीच. मराठीत कार्यक्रम मागायला गेलात की त्याचं राजकारण होणार, लिहून ठेवा.

मलप्रभेकाठचा

काका, सीमाप्रश्नाला वेगळे धागे आहेत, भरपूर आहेत. हा राहू दे.

धारवाडी_पेढा

मी मानसशास्त्रात एम.ए. केलंय, धारवाडला, आणि असे प्रोग्राम चालवण्याच्या बाजूलाही थोडं काम केलंय. तिकडून काय दिसतं ते लिहितो, लांबेल.

मूळ लेखकानं सांगितलेली पाच वाक्यं म्हणजे डब्ल्यूएचओ-५, जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली. १९९८ पासून वापरात आहे. पाच उत्तरांची बेरीज जास्तीत जास्त २५, तिला चारनं गुणलं की शंभरपैकी आकडा मिळतो. बेरीज १३ च्या खाली आली तर त्या माणसाशी जरा नीट बोलावं, एवढाच तिचा अर्थ. ते निदान नाही. पण हे साधन चालतं ते माणूस खरं लिहील या भरवशावर. रजिस्टर नंबर मागितलात की भरवसा गेला. नंबर हवाच असेल तर तो समुपदेशकाकडं राहावा, विभागाकडं जाऊ नये.

दुसरी गोष्ट, शेवटच्या फॉर्ममधली 'सुधारणा'. समजा शंभर जणांनी सुरुवातीचा फॉर्म भरला आणि शेवटचा चाळिसांनी. गळालेले साठ कोण? बरेचदा ज्यांना जास्त गरज होती तेच. मग चाळिसांची सरासरी वर जाणारच. ऑनलाइन प्रोग्राममधली गळती हा जगभरचा जुना प्रश्न आहे. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीनं 'मूडजिम' नावाचा कार्यक्रम २००१ च्या सुमाराला इंटरनेटवर आणला. विचार आणि वागणूक यांच्यावर काम करणारी जी उपचारपद्धत आहे, सीबीटी, ती घरबसल्या शिकवणारा. तेव्हापासून या प्रकारावर पुष्कळ अभ्यास झाले. सौम्य ते मध्यम उदासी आणि चिंता यांच्यावर अशा कार्यक्रमांचा फायदा होतो, हे त्यातून दिसलंय. आणि मधे कुणीतरी माणूस संपर्कात असेल तर लोक टिकतात आणि फायदाही साधारण जास्त होतो, हेही. तो माणूस मोठा डॉक्टरच हवा असं नाही. थोडं शिकवलेला, आठवड्याला एक फोन किंवा दोन ओळींचा मेसेज करणारा पुरतो. एमएसडब्ल्यूच्या त्या मुलानं केलं ते असं.

तिसरी गोष्ट, आणि यावर मी भांडतो. काही ठिकाणी पीएचक्यू-९ चा, म्हणजे उदासी तपासायच्या नऊ प्रश्नांचा, फॉर्म देतात. त्यातला नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करून घेण्याच्या विचारांबद्दल असतो. तो विचारावा, विचारल्यानं असे विचार डोक्यात शिरतात ही समजूत चुकीची आहे. पण ज्या कॉलेजात ते उत्तर त्याच दिवशी वाचणारा आणि त्याच दिवशी त्या मुलाला गाठणारा कुणी नाही, त्या कॉलेजनं तो फॉर्म गूगलवर टाकू नये. 'होय, रोज' असं लिहिलेलं उत्तर एक्सेलच्या शीटमध्ये सेमिस्टर संपेपर्यंत पडून राहिलेलं मी पाहिलंय. ती मुलगी सुखरूप आहे, आम्ही उशिरा का होईना गाठलं. पण तेव्हापासून मला ॲपचं कौतुक कुणी सांगायला लागलं की मी पहिल्यांदा विचारतो, शीट कोण उघडतं?

कायद्याचंही थोडं. मेंटल हेल्थकेअर ॲक्ट २०१७ नुसार उपचार घेणाऱ्याची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. यूजीसीनं विद्यार्थ्यांच्या शारीरिक आणि मानसिक स्वास्थ्याबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्यात. आणि जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञाशी जोडून घ्यावं. तेव्हा 'आमच्याकडं ॲप आहे' हे उत्तर पुरत नाही. मागायला लाजू नका.

येळ्ळूरचा_गडी

पेढेवाले, हे प्रिंट काढून नोटीस बोर्डावर लावू काय?

धारवाडी_पेढा

लाव. माझं नाव नको.

चिकोडीची_आई

मी विद्यार्थिनी नाही, पण लिहिते. माझी मुलगी बेळगावात पीजीमध्ये राहून शिकत होती. दसऱ्याला घरी आली ती परत जायलाच तयार नाही. रात्री जागते, दिवसा झोपते, जेवण अर्धं टाकते. कॉलेजला फोन केला तर म्हणाले, ऑनलाइन प्रोग्राम आहे, लिंक पाठवतो. लिंक आली. तिनं ती बघितलीही नाही. माझे मिस्टर म्हणतात नाटकं आहेत, सासूबाई म्हणतात दृष्ट काढा. मी दृष्टही काढली. पुढं काय करू?

रात्रपाळी

काकू, मी मेडिकलची इंटर्न. तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. लिंक बाजूला ठेवा. जागरण, जेवण तुटणं आणि कॉलेजला जायची टाळाटाळ हे दोन आठवड्यांच्या वर चाललं असेल तर तिला डॉक्टरांना दाखवायचं. ताप हटत नसेल तर दाखवतो तसंच.

आज रात्रीच करता येईल असं सांगते. टेली-मानस, नंबर १४४१६. केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची फोन सेवा, १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली, फोन फुकट, चोवीस तास. भाषा निवडता येते, मराठी आहे, कन्नडही आहे. मुलगी बोलायला तयार नसेल तर तुम्ही स्वतः लावा, घरच्यांनीही विचारलेलं चालतं. मी स्वतः एकदा वॉर्डातली एक वाईट रात्र संपल्यावर लावलाय. डॉक्टर आहे म्हणून सांगायला लाज वाटत होती, पण पलीकडच्या बाईंनी ते विचारलंच नाही.

दुसरं, सरकारी इस्पितळ. कर्नाटकात मनोचैतन्य म्हणून योजना आहे, मंगळवारी तालुका इस्पितळात मानसोपचाराचे डॉक्टर येतात. तुमच्याकडं कुठल्या मंगळवारी, ते तिथं फोन करून विचारा. बेळगावात जिल्हा इस्पितळ आहे, बिम्सचं, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजचं. धारवाडला डिमहान्स आहे, ती खास मानसिक आरोग्याच्या कामाची मोठी संस्था. मिस्टरांना म्हणावं, तपासून तर येऊ, नाटक असेल तर डॉक्टर सांगतील.

आणि ती कधी जगण्याचा कंटाळा आलाय असं बोलली, किंवा नुसतं 'मी नसते तर बरं' असं, तर मंगळवारची वाट बघायची नाही. तिला एकटी सोडू नका आणि सरळ इस्पितळात न्या.

धारवाडी_पेढा

रात्रपाळी, अगदी बरोबर. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली देशात सुरू झाला तो कर्नाटकातल्याच बळ्ळारीच्या प्रयोगावरून. तरी आपल्याकडं शेजारच्या घरात कुणाला माहीत नसतं. काकू, मुलीला 'तुला वेड लागलंय म्हणून नेतेय' असं वाटू देऊ नका. 'झोप लागत नाही, त्याचं बघू' म्हणा. झोपेवर कुणी भांडत नाही.

निपाणी_ते_कोल्हापूर

मीटवरच्या भाषणापेक्षा ही दोन उत्तरं कामाची.

रात्रपाळी

आता ॲपची थोडी बाजू घेते, कारण सगळेच तुटून पडलेत. मला तोंडी परीक्षेआधी हात थरथरायचे. ॲपमधला श्वासाचा व्यायाम, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, मी बाथरूममध्ये उभी राहून करायचे आणि त्यानं थरथर थांबायची. रात्री दोन वाजता कुणाला उठवायचं नसतं, तेव्हा ॲप असतं. हॉस्टेलवर 'मी समुपदेशकाकडं जाते' असं सांगायला धाडस लागतं, फोन हातात धरायला लागत नाही. खटखटताईचा भाऊ ॲप उघडतो हे खरं, पण बऱ्याच ॲपना पिन घालता येतो. मूडच्या पानावर 'त्रास होत असेल तर इथं दाबा' असं एक बटण असतं, ते दाबल्यावर कुठं जातं ते आधी तपासा. आमच्या ॲपमधलं एका वेबसाइटवर जायचं आणि ती उघडायचीच नाही.

खटखट_वडगाव

पिन घातला तर भाऊ विचारेल पिन कशाला. पण सांगितलंत ते बरं, विचारू दे.

चिकोडीची_आई

काल रात्री लावला नंबर. मी मराठी निवडली. आधी मीच बोलले, मग हिनं हात पुढं केला, फोन दे म्हणाली. दार लावून बोलली. काय बोलली ते मी विचारलेलं नाही. तालुका इस्पितळात पण फोन केला, येत्या मंगळवारी डॉक्टर येणार आहेत. मिस्टर येतो म्हणालेत, गाडी तेच काढणार. नंतर लिहीन.

कणकुंबी_नो_रेंज

काकू, लिहा नक्की. रेंज आली की बघते.

मलप्रभेकाठचा

ज्युनिअर पोरांना मी सांगितलं, नाव घाला, झोपेचं आणि श्वासाचं तेवढं घ्या, बाकीच्यावर फार आशा ठेवू नका. आता पुढच्या बॅचसाठी अर्ज लिहायला घेतलाय. फॉर्मवरून नंबर काढा, ऑडिओ द्या, हजेरी मीटला जोडू नका, बुडवणाऱ्याला दंड लावायचं सोडून फोन करा, आणि ग्रुप पाडताना मराठी आणि कन्नड दोन्हीत बोलायची मुभा द्या. बैलहोंगलची पोरंपण सही करणार आहेत. समुपदेशकाचं पेढेवाल्यांनी लिहिलंय तसं, न्यायालयाच्या उल्लेखासकट घालतोय. गुरुवारी एचओडींना भेटायचं ठरलंय. कोण कोण येतंय?

येळ्ळूरचा_गडी

मी दुसऱ्या कॉलेजचा, खरं अर्ज तयार झाला की मला पाठव. नाव बदलून आमच्यात देतो.

खटखट_वडगाव

गुरुवारी इंटर्नल आहे, कुणी येणार नाही. शुक्रवारी अकरानंतर ठेव. आणि शीट कोण उघडतं ते पण अर्जात घाल.